मोठ्या आईचं धान

वणी तालुक्यातलं आमचं घर कपाशीचं. त्या घरात धान आणलं ते मोठ्या आईनं. तिचं माहेर वर्धा नदीपलीकडचं, नागभीडकडचं. बांधी, पऱ्हे, रोवणा हे सगळं मी तिच्याकडून शिकलो आणि पीक पाहायची नजरही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण माझी पहिली गुरू तीच.

रोवण्याला तिच्या माहेरी गेलो की ती पऱ्ह्यांची पेंढी सोडून बसायची. एखादं रोप बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच, बारीक, फिक्कट दिसलं की बाजूला.

“एकटंच वर पळते ना, ते लोंबीवर येत नाई. फेक त्याले.”

कॉलेजात कळलं, हा बुरशीचा रोग. बुरशीनं सोडलेलं द्रव्यच रोपाला असं ताणतं, हे एइची कुरोसावा या जपानी संशोधकानं 1926 मध्ये दाखवलं. 1935 मध्ये त्या द्रव्याला जिबरेलिन नाव मिळालं. पुढे उमगलं की निरोगी धानही हे संप्रेरक स्वतः तयार करतं. एरवी एसएलआर1 हे प्रथिन उंची वाढवणाऱ्या जनुकांना लगाम घालून असतं. जिबरेलिन पेशीतल्या जीआयडी1 या प्रथिनात जाऊन बसलं की ती जोडी एसएलआर1ला धरते, पेशी त्याचा निकाल लावते आणि जनुकं मोकळी सुटतात. जीआयडी1चा शोध 2005 मधला, तोही धानातच लागलेला. तो निबंध वाचताना मला सारखी ती पेंढी दिसत होती.

1966 मध्ये आलेल्या आयआर8 या बुटक्या वाणात जिबरेलिन बनवायला लागणारं एसडी1 जनुक निकामी आहे. संप्रेरक कमी, म्हणून काडी आखूड. खत दिलं तरी धान लोळत नाही. आमच्याकडे भारी जमिनीत कपाशी नुसतीच माजली की मेपिक्वॅट क्लोराइड फवारतात. तेही झाडात जिबरेलिन तयार होणंच रोखतं.

मोठ्या आईला मात्र बुटकं धान कधी रुचलं नाही. भावाच्या बांधीत ते आलं तेव्हा तिनं दाण्याआधी तणस हातात घेतली.

“पोते वाढले, खरं हाय. पण बैलं का खातीन?”

एसडी1 शिकवताना मी फळ्यावर दाण्याच्या उताऱ्याशेजारी तणसाचाही रकाना आखतो. तो भरल्याशिवाय पोरांना पुढचं जनुक शिकवत नाही.