भंडाऱ्याला निघालात? जरा जपून, बॉस!

युरोपला जायचं म्हटलं की आपण इन्शुरन्सपासून मोज्यांपर्यंत सगळ्याच्या याद्या करतो. भंडाऱ्याला निघताना मात्र ‘त्यात काय, आपलंच तर आहे’ म्हणत बॅग उचलतो. तिथेच गडबड होते.

सुरुवात स्टेशनपासून. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने आलात तर उतरायचं ‘भंडारा रोड’ला. त्यातल्या ‘रोड’ या शब्दाकडे नीट बघा! हे स्टेशन वरठीला आहे, शहरापासून दहाएक किलोमीटरवर. रात्रीची गाडी असेल तर हॉटेलला सांगून वाहन ठरवून ठेवा. विमानाने नागपूर गाठलंत तर पुढे साधारण ६० किलोमीटरचा हायवे. त्यावर ट्रक भरपूर, तेव्हा अंधारात ड्रायव्हिंगची हौस नको.

कधी जाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. वाघ उन्हाळ्यात जास्त दिसतो हे खरं, पण मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. दुपारी फिरायचं नाही म्हणजे नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलला की पहाटे जंगलाच्या कडेला ‘मॉर्निंग वॉक’ला जाऊ नका. मोहाची फुलं अस्वलालाही तितकीच आवडतात!

पावसाळ्यात बहुतेक सफारी बंद असतात. मग लोक वळतात पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाकडे. ३३ दरवाज्यांचं हे धरण बघण्यासारखं आहेच. पण वैनगंगेच्या पात्रात सेल्फीसाठी उतरू नका. नदी येते मध्य प्रदेशातून. तिकडच्या संजय सरोवरातून पाणी सुटलं की इथे ऊन पडलेलं असतानाही ती चढते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस तिने भंडारा शहरातल्या वस्त्यांमध्येच पाणी घुसवलं होतं. काठावरचा माणूस ‘मागं व्हा’ म्हणाला, तर वाद न घालता मागं व्हायचं.

आता जंगल. नागझिऱ्यासाठी साकोलीकडून पिटेझरी गेट, भंडाऱ्याहून जवळ कोका आणि पवनीकडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला. बुकिंग आधी ऑनलाइन करा, ओळखपत्राचं ओरिजिनल जवळ ठेवा, साप्ताहिक सुट्टीचा दिवस तपासा. आत नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे घरी आधीच कळवून ठेवा.

पण खरी काळजी घ्यायची ती आपल्याच हावरटपणाची. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या ५ बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. व्हिडिओ सगळीकडे फिरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि ड्रायव्हर निलंबित झाले. ‘अजून पुढे घ्या ना’ असा हट्ट गाडीत नेहमी कुणाचा असतो, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आमच्याही जिप्सीत एकाने हा हट्ट केलाच. वर पाचशेची नोटही दाखवली. ड्रायव्हरने शांतपणे इंजिन बंद केलं. म्हणाला, “साहेब, तुम्ही उद्या पुण्याला जाल. मले इथंच राहाचं हाय.”

त्या दिवशी वाघ काही दिसला नाही. गव्यांचा कळप मात्र अगदी समोरून, निवांत रस्ता ओलांडून गेला. आणि ती पाचशेची नोट साकोलीत सगळ्यांच्या चहा-भज्यांवर मोडली. ड्रायव्हरसकट!