निवळी

दुधाला उकळी यायला लागली की आई ओट्यापाशी थांबत नाही. मी लिंबू चिरायला घेतलं की ती पदराला हात पुसते, ‘चालू दे तुझं’ म्हणते आणि गॅलरीत जाऊन तुळशीची पिकली पानं खुडत बसते. लिटरभर म्हशीचं दूध, सकाळीच आणलेलं, बोटाला चिकटेल असं दाट. त्यात मी आता लिंबू पिळणार. तिला ते बघवत नाही.

तिचं माहेर साताऱ्याकडचं, माणदेशातलं. १९७०च्या दशकातली गोष्ट. दारात एक म्हैस. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला घालायचं आणि आज फॅट किती लागली, यावर आजीचा चेहरा कसा राहील ते ठरायचं. घरात मागे उरायचं ते चहापुरतं. उन्हाळ्यात कधी संध्याकाळचं दूध गाडी येईपर्यंत टिकायचं नाही. मग भरलेली किटली तशीच घरी परत यायची. आजी कुणाला काही बोलायची नाही. दूध चुलीवर चढवायची, गूळ टाकायची आणि आटेपर्यंत ढवळत बसायची. पोरं वाट्या घेऊन भोवती जमायची. आई सांगते, फार गोड लागायचं ते. पण आजीनं ते कधी तोंडात घातलेलं तिनं पाहिलं नाही.

आपल्याकडे दूध ‘फाटतं’ही, पण घरोघरी ऐकू येतं ते ‘नासलं’च. नासणं म्हणजे नाश. शब्दातच हळहळ आहे. विरजण लावायला आईची कधी हरकत नसते. दूध कोमट करायचं, चमचाभर दही कालवायचं, झाकून ठेवायचं आणि रात्रभर त्याची झोप मोडायची नाही. लिंबाचं काम मात्र चार मिनिटांत होतं आणि धडधडीत डोळ्यांसमोर होतं. मला वाटतं, तिला ते डोळ्यांसमोर होणंच सोसत नाही.

ही रुखरुख तिच्या एकटीची नाही. खाद्येतिहासाचे अभ्यासक के. टी. अच्चय यांनी लिहून ठेवलंय, की दूध मुद्दाम नासवणं भारतात निषिद्ध मानलं जाई आणि बंगालमध्ये तो संकोच पोर्तुगीजांच्या सहवासानं सुटला. ते वाचल्यावर मला आईची गॅलरी आठवली होती. पण त्यांचं म्हणणं मला पुरतं पटत नाही, कारण आपल्या दख्खनमध्येच त्याला उत्तर आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात तापल्या दुधात आंबट घालून ते फाडायचं, फडक्यातून गाळायचं, तांदळाचं पीठ मिसळून तळायचं आणि साखरेत घालायचं, असा एक गोड पदार्थ चक्क सांगितला आहे. आणि महाराष्ट्रात बाया कांडताना ओव्या म्हणतात, ही नोंदही याच ग्रंथातली. आईला हे सांगितलं तेव्हा ओव्यांचं ऐकून तिचा चेहरा उजळला. दुधाचं ऐकून म्हणाली, ‘राजाचं काय गं, त्याला कुठं डेअरीला दूध घालायचं होतं!’

यावर मला काही बोलता आलं नाही.

तर, गॅस बंद करायचा. लिंबाचा रस दोन चमचे पाण्यात मिसळून थोडा थोडा सोडायचा, डाव हलक्या हातानं फिरवायचा. आधी काहीच होत नाही. मग कडेला बारीक कणी दिसते, डावाच्या पाठीवर रवा चिकटल्यासारखी. आणि पुढच्या दोन-तीन थेंबांत सगळं दूध एकदम दोन वाटांनी जातं. वर पांढरे ढग, खाली पोपटी झाक असलेलं नितळ पाणी. ते पाणी अजून दुधाळ असेल तर आणखी चार थेंब. नितळ झालं की हात आखडायचा, नाहीतर पनीर घट्ट आणि आंबट होतं. मग पातळ सुती फडक्यात गाळून वरून गार पाणी ओतायचं. भाजीसाठी वड्या पाडायच्या असतील तर वर वरवंटा ठेवावा. भुर्जीला तसलं काही नको. पुरचुंडी हातानं पिळायची, पंधरा मिनिटं नळाला टांगायची, बस. उघडली की आत फडक्याची वीण उमटलेला, उबदार, ओलसर गोळा असतो. लिटरभर दुधाचं जेमतेम दोनशे ग्रॅम.

भुर्जी ही आपल्याला पंजाबची वाटते आणि आहेही. मला तो शब्द शिकवला तो रात्रीच्या अंडा-भुर्जीच्या गाडीनं, तव्यावर आपटणाऱ्या उलथण्याच्या ठेक्यानं. पण तिचा पोत आपल्या जिभेला परका नाही. कोरडा झुणका घ्या, गणपती विसर्जनाची वाटली डाळ घ्या, मोकळ भाजणी घ्या. दाणा दाणा सुटा, तरी घशात न अडकणारा. ‘मोकळं झालंय’ ही मराठी स्वयंपाकघरातली केवढी मोठी शाबासकी! पनीर भुर्जी मी याच कसोटीवर करते. जिरं तडतडलं की बारीक चिरलेला कांदा, गुलाबी होईपर्यंतच. ठेचलेलं आलं, हिरवी मिरची, हळद. मग टोमॅटो, आणि इथं घाई करायची नाही; त्याचं पाणी पुरतं आटून कडेनं तेल दिसेपर्यंत परतायचं, कारण इथं राहिलेलं पाणी पुढे भुर्जीचा गिचका करतं. मीठ, थोडं लाल तिखट, चिमूटभर गरम मसाला. शेवटी पनीर, बोटांनी कुस्करून.

आणि दोनच मिनिटं. आंबट घालून केलेलं पनीर कितीही तापवलं तरी चीजसारखं वितळत नाही, नुसतं पाणी सोडत जातं आणि चिवट होतं. म्हणून हळदीचा रंग सगळ्या कणांना लागला की कढई उतरवायची, तळहातावर चुरलेली कसुरी मेथी आणि कोथिंबीर घालायची.

पनीरखालचं पाणी पहिल्या वेळी मी मोरीत ओतलं होतं. आई त्या दिवशी आमटी-भात जेवली, भुर्जीला तिनं हात लावला नाही. दुसऱ्या वेळी मी लिंबू काढलं तशी गॅलरीत गेली, पण जाताना एवढंच म्हणाली, ‘निवळी ठेव.’ तेव्हापासून निवळी तिची. ती कोमट असतानाच परातीत कणीक घेते, एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं मळते. त्या पोळ्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दुधातली साखर बहुतेक सगळी त्या पाण्यातच उतरते, हे मला पुस्तकातून कळलं. तिनं बोट बुडवून, चाखून ओळखलं होतं.

परवा कढईत टोमॅटोला तेल सुटलं होतं आणि मी पनीर टाकणार, एवढ्यात ती आत आली. हात आडवा धरला. मूठभर पनीर वाटीत काढून घेतलं. फडताळातला गुळाचा डबा काढला, विळीवर गूळ चिरला, पनीरवर घालून बोटांनी कालवलं. मला वाटलं, देवापुढे ठेवेल. ती वाटी घेऊन गॅलरीत गेली, मोड्यावर बसली आणि सावकाश, एकेक घास करत खाऊ लागली.

मी पनीर कढईत टाकलं. दोन मिनिटं मोजायची होती.