चौदा दिवस, नव्वद दिवस

दर वर्षी बांधकाम व्यवस्थापनाच्या पहिल्या सत्रातली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. मी आठवड्यातून दोन तास शिकवायला जाणारा पाहुणा मास्तर. पहिली असाइनमेंट देताना मला माझी स्वतःची आठवते. तिला वीसपैकी अठरा गुण मिळाले होते, आणि ती चुकीची होती.

२०१३ सालची गोष्ट. पुण्यात माझं एम.टेक. चाललं होतं. सरांनी सांगितलं, चालू असलेलं एक बांधकाम निवडा, सत्रभर तिथे जा, रोजची हजेरी आणि कामाची नोंद ठेवा. मग कामांचं नेटवर्क काढा, क्रिटिकल पाथ शोधा आणि तेच काम पंधरा दिवस आधी संपवून दाखवा.

अब्बा तेव्हा एका दुमजली बंगल्यावर गवंडी होते. मी तीच साइट निवडली. तिथला मिस्त्री माझा बाप आहे, हे मात्र वर्गात कुणाला सांगितलं नाही. अहवालातल्या तक्त्यात मी लिहिलं : गवंडी २, बिगारी ६, मिक्सर १. त्या दोनांतले एक अब्बा.

आता थोडं गणित सांगतो. क्रिटिकल पाथ म्हणजे कामांची अशी साखळी, की तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं तर अख्खी इमारत एक दिवस लांबते. इमारत लवकर संपवायची तर याच साखळीतले दिवस कमी करावे लागतात. याला पुस्तकात क्रॅशिंग म्हणतात. प्रत्येक कामापुढे चार आकडे मांडायचे : नेहमीचे दिवस, कमीत कमी दिवस, नेहमीचा खर्च, घाईचा खर्च. एक दिवस वाचवायला जिथे सर्वांत कमी पैसे लागतात, तिथून कात्री लावायला सुरुवात करायची.

माझ्या तक्त्यात सर्वांत स्वस्त काम निघालं स्लॅबखालचे टेकू. स्लॅब टाकल्यावर चौदा दिवस टेकू ठेवायचे, म्हणजे चौदा दिवस नुसतं थांबायचं. ते सात केले तर खर्च वाढत नव्हता, उलट सेंटरिंगचं भाडं वाचत होतं. दोन स्लॅब, म्हणून चौदा दिवस सुटले. पंधरावा प्लास्टरमधून काढला. १८० दिवसांचं काम १६५ वर आलं. सर खूश, मीही खूश.

त्या रात्री जेवताना अब्बांनी विचारलं, "कुठले दिवस कमी केलेस?" मी सांगितलं. त्यांचा हात ताटातच थांबला. घरात ते दखनीत बोलतात. एवढंच म्हणाले, "सिमिट किसी की सुनता नै, बेटा."

अब्बांच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मी शाळेत होतो तेव्हा एका साइटवर मालकाच्या घाईपायी छज्जाची सेंटरिंग लवकर खोलली होती. छज्जा खाली आला. अब्बा बाजूला उभे होते, म्हणून बोटांवर भागलं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आयएस ४५६ ही मी पाठ केली होती : साधं सिमेंट आणि नीट पाणी मारलेलं असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू कमीत कमी ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. आमचा गाळा पाच मीटरचा होता. दोन्ही गोष्टी माहीत असून मी सात लिहिले, कारण रकाना रिकामा होता आणि त्यात एक आकडा भरायचा होता.

दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी अहवाल परत दिला, म्हणाले, नीट करून आण. मी चौदाचे चौदा ठेवले. टेकू लवकर काढायचे असतील तर जास्त ताकदीचं काँक्रीट आणि क्यूब टेस्टचा खर्च धरावा लागेल, अशी नोंद केली. विटकामाला जादा गवंडी लावून आठ दिवस वाचले. १७२ च्या खाली येता आलं नाही. उद्दिष्ट न गाठल्याचे दोन गुण गेले.

पण त्याच अहवालाचं एक परिशिष्ट पुढे कामी आलं. कामगार कायद्याच्या पेपरसाठी १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा वाचत होतो. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम, एवढं असलं की मंडळाकडे नोंदणी होते. मग अपघात, आजारपण, मुलांचं शिक्षण यांसाठी मदत मिळू शकते. मी हे पाच गुणांची टीप म्हणून पाठ करत होतो. समोर अब्बा बसले होते. वय सत्तावन्न, तीस वर्षं गवंडीकाम, आणि नव्वद दिवसांचा एक कागद नाही. ठेकेदार दाखला द्यायला टाळत होते. "तुझी हजेरी कुठाय?" म्हणायचे.

हजेरी माझ्याकडे होती. परिशिष्टात रोजची तारीख होती, कोण आलं, काय केलं, सगळं होतं. अब्बांचे दिवस मोजले, चौऱ्याण्णव भरले. वही घेऊन ठेकेदाराकडे गेलो. त्याने पानं चाळली, थोडी कुरकुर केली आणि सही केली. अब्बांबरोबर आणखी तिघांचे दाखले झाले. एका बिगाऱ्याचे शहाऐंशी दिवसच भरले. तो चार दिवसांनी राहिला, आणि तोवर ती साइट संपली होती.

आज मी मुलांना तीच असाइनमेंट देतो, फक्त दोन बदल करून. कमीत कमी दिवसांचा आकडा लिहिला की तो कुठून आणला ते शेजारी लिहायचं. आणि साइटवरच्या गवंड्याला दाखवून त्याचं म्हणणं नोंदवायचं. हजेरीत नुसती संख्या चालत नाही. माणसाला विचारून त्याचं नाव लिहायचं आणि सत्र संपताना दिवसांची बेरीज त्याच्या हातात द्यायची. काही मुलं कुरकुरतात, सर, याला गुण किती? मी म्हणतो, दोन.

अब्बा आता घरीच असतात. वह्या तपासायला आणल्या की चष्मा लावून शेजारी येऊन बसतात. इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे कळतात. बोट ठेवून विचारतात, "इसने कितने दिन रखे?"