नुसतं बघण्याचे चार क्रेडिट!

हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? तशी नोटीस लागली होती, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफही येऊन पडली होती: ‘सत्र सहावे, ओजेटी, क्रेडिट ४, तास १२०.’ पण एवढ्या कोरड्या ओळीवरून काय कळणार हो? ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. कॉमर्सवाले सीएच्या ऑफिसात जाऊन व्हाउचर लावतात आणि आम्ही सायकॉलॉजीवाले जातो माणसांकडे! घाबरलेल्या, कंटाळलेल्या, भोकाड पसरणाऱ्या, टेबलाखाली जाऊन बसणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांकडे. आणि विद्यापीठ त्याचे मार्क देतं!

हिशोब सोपा आहे. वर्गातल्या लेक्चरचे १५ तास झाले की एक क्रेडिट, आणि इंटर्नशिपचे ३० तास झाले की एक. म्हणून १२० तासांचे चार. सत्राच्या एकूण २२ क्रेडिटमधले चार, म्हणजे एका अख्ख्या मोठ्या पेपरएवढे. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात हा आराखडा आला, आमचं कॉलेज स्वायत्त असल्यामुळे आमच्या बॅचपासूनच तो लागू झाला, आणि माझी ताई अजून जळते आहे. तिनेही इथूनच सायकॉलॉजी घेऊन बीए केलं. तीन वर्षं तिने स्किझोफ्रेनियाची लक्षणं पाठ केली, स्वमग्नतेवर टिपा लिहिल्या, आणि यातल्या कशाशीही जगणाऱ्या एकाही माणसाशी न बोलता डिग्री घेऊन बाहेर पडली.

आम्हालाही प्रॅक्टिकल होतंच म्हणा. मिरर ड्रॉइंगमध्ये आरशात बघून चांदणी गिरवायची. एबिंगहाउसने १८८५ साली छापलेल्या प्रयोगांच्या धर्तीवर निरर्थक अक्षरं पाठ करायची. प्रयोगकर्ती मी, प्रयुक्त माझी बेंचवरची मैत्रीण, आणि तिला निष्कर्ष आधीच ठाऊक, कारण सीनियरची जर्नल आम्ही दोघींनी मिळून झेरॉक्स केलेली! असा प्रयुक्त फ्रॉइडलाही मिळाला नसेल.

तर माझी ओजेटी लागली नागपुरातल्याच एका केंद्रात. शाळेत मागे पडणारी, उशिरा बोलायला लागलेली, एका जागी न बसणारी मुलं तिथे तपासणीला येतात. तपासणी करतात मॅडम. त्या आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. आल्याआल्याच त्यांनी काय करायचं नाही ते सांगून टाकलं. चाचणी द्यायची नाही. निदान सांगायचं नाही, पालकांनी कितीही विचारलं तरी. टेस्टच्या वस्तूंचे फोटो काढायचे नाहीत, त्यातले प्रश्न बाहेर कुणाला सांगायचे नाहीत, कारण पाठ करून आलेल्या मुलावर ती टेस्ट वायाच जाते. लॉगबुकात मुलांची नावं लिहायची नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्कच आहे, आणि बीएच्या पोरीलाही त्यातून सूट नाही. (इथेही मी कुणाची खूण पटेल असं काही लिहिलेलं नाही, तपशील बदलले आहेत.)

मग करायचं काय? बघायचं! कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नुसतं बघायचं, आणि बघितलेलं लिहायचं. मला वाटलं, हे तर फुकटचे क्रेडिट झाले. पहिल्या दिवशीचं माझं लिखाण मॅडमनी वाचलं. ‘मुलगा चंचल वाटला.’ त्यांनी ‘चंचल’वर गोल केला आणि म्हणाल्या, “चंचल तुला वाटला. त्याने केलं काय?” काय केलं? खुर्चीतून उठला. कधी उठला? प्रश्न विचारल्यावर, की उत्तर न आल्यावर? दाराकडे गेला की आईकडे? बाप्पा! एका ‘चंचल’मध्ये मी एवढं सगळं कोंबून टाकलं होतं!

त्यानंतर डोळेच उघडले. सेगुइन फॉर्म बोर्ड नावाचा एक लाकडी पाट असतो, त्यात दहा आकारांच्या खाचा. मुलाने ठोकळे आपापल्या खाचेत बसवायचे, तीनदा, आणि तिन्हींतला सगळ्यात कमी वेळ धरायचा. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. प्रत्यक्षात एक मुलगी प्रत्येक ठोकळ्यानंतर आईच्या चेहऱ्याकडे बघते आणि मगच पुढचा उचलते. दुसरा गडी चुकीच्या खाचेत चांदणी दाबून दाबून बसवतो, शेवटी बुक्की मारतो, आणि तिसऱ्या खेपेला कुणी काही न सांगता सुतासारखा सरळ सुटतो. स्टॉपवॉचवर दोघांचा वेळ जवळजवळ सारखा! आकडा सारखा आणि मुलं केवढी वेगळी! मॅडमच्या रिपोर्टमध्ये आकड्याच्या खाली या गोष्टीही लिहिल्या जातात, हे मला तिथेच कळलं.

आणि आता ऐका खरी गंमत. एका दुपारी कपाट आवरायला मिळालं. जुनी मॅन्युअल्स, पिवळी पडलेली. एकावर लिहिलेलं, बिने-कामत. आता बिने पॅरिसचा, १९०५ ची त्याची पहिली बुद्धिमापनश्रेणी, हे सगळं मला परीक्षेपुरतं पाठ. पण व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्येच तिची पुढची आवृत्ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती! आमच्या आजीच्याही जन्माआधी कुणीतरी मराठी मुलांना मराठीत प्रश्न विचारून त्यांची उत्तरं मोजत होतं. त्याच्या खालच्या मॅन्युअलवर ए. जे. मालिन. भारतीय मुलांसाठीची त्यांची बुद्धिमापन चाचणी १९६९ ची, व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केलचं भारतीय रूपही त्यांचंच. आणि ठिकाण? चाइल्ड गायडन्स सेंटर, नागपूर! नागपूर! देशभरात हे व्हाइनलँड वापरलं जातं, बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी बघितलं जातं, सगळीकडे त्याला ‘नागपूर अ‍ॅडाप्टेशन’ म्हणतात, आणि मी याच गावात तीन वर्षं सायकॉलॉजी शिकत होते! ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला ओरडून सांगायला नको होती का?

या व्हाइनलँडनेच मला पुरतं वेड लावलंय. मूळ श्रेणी अमेरिकेतली, एडगर डॉल यांची, १९३५ ची. भारतीय रूपात ८९ बाबी: जेवण, कपडे, बोलणं, हिंडणंफिरणं, इतरांत मिसळणं वगैरे. इथे मुलाला काही विचारायचंच नसतं. विचारायचं त्याला ओळखणाऱ्या माणसाला, आणि तेही ‘त्याला येतं का’ असं नाही, तर ‘तो रोज करतो का’. किती मोठा फरक आहे हा! आई म्हणते, “नाही जेवत हो हाताने.” शेजारी बसलेली आजी लगेच तोंड उघडते, “जेवते ना! तू भरवत नसली का जेवते.” मॅडम लिहिता लिहिता थांबतात, आणि मग त्या दोघींशी अर्धा तास ज्या गप्पा होतात ना, त्यात त्या घराचं स्वयंपाकघर, घाई, धाक, लाड, सगळं येऊन जातं. हीच आजी निघताना मॅडमचा हात धरून म्हणाली होती, “माह्या नातवाले पास करून देजा ओ!” तिला वाटलं, ही परीक्षा आहे. मॅडमनी तिला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि इथे पास-नापास काहीच नसतं हे शांतपणे समजावून सांगितलं. ते समजावणं मी शब्दन् शब्द लिहून ठेवलंय. कुठल्याच पुस्तकात ते नाही.

आणि व्हाइनलँडच्या गुणांकनात अधिक-उणे या खुणांच्या जोडीला आणखी एक खूण असते: संधी नाही. म्हणजे मूल एखादी गोष्ट करत नाही, पण ते करू शकत नाही म्हणून नव्हे, तर त्याला कुणी करूच दिलेलं नाही! तेरा-चौदा वर्षांची मुलगी कधी एकटी गल्लीबाहेर गेली नाही. का? पाठवत नाहीत. तिच्या धाकट्या भावाला मात्र दुकानात पिटाळतात. डॉलसाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वी यासाठी वेगळी खूण ठेवली, तिच्या खाती उणे टाकायचं नाही म्हणून! मी घरी येऊन आईला, ताईला, वरच्या मजल्यावरच्या काकूंना, सगळ्यांना हे सांगत सुटले. काकूंनी तिथल्या तिथे स्वतःची यादी सुरू केली: बँक, स्कूटर, एकटीने प्रवास, सगळीकडे ‘संधी नाही’. मोठ्यांसाठी ही श्रेणी अशी वापरत नाहीत हे मी त्यांना सांगितलं, पण त्या कुठल्या ऐकायला!

आता थोडं कडू. माझ्या बॅचमधल्या काहींनी पैसे भरून ऑनलाइन ‘इंटर्नशिप’ केली: चार रेकॉर्डेड व्हिडिओ, एक क्विझ, रंगीत सर्टिफिकेट. क्रेडिट तेवढेच. कुणी मामाच्या दवाखान्याच्या लेटरहेडवर काम भागवलं. मला राग येतो, पण सगळा त्यांच्यावर नाही. महाराष्ट्रातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. गडचिरोलीच्या किंवा बुलढाण्याच्या तालुक्याच्या गावच्या पोरीने १२० तास कुठे भरायचे? हे काम एकेका विद्यार्थ्याच्या ओळखीवर सोडू नये. कॉलेजांनी अंगणवाड्या, विशेष शाळा आणि जिल्हा रुग्णालयांशी करार करून ठेवावेत, आणि सत्र सुरू व्हायच्या आधी ठेवावेत. शिवाय चार क्रेडिट मिळाले म्हणजे समुपदेशक झालो, असं इन्स्टाग्रामच्या बायोत लिहिणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. त्यासाठी अजून एमए आहे, पुढचं प्रशिक्षण आहे, कितीतरी वर्षं आहेत.

माझे तास आता भरत आलेत. लॉगबुक, अहवाल आणि तोंडी परीक्षा झाली की चार क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँकेत जमा. पण मला चौथं वर्ष करायचंय, ऑनर्स, संशोधनासह, आणि विषयही ठरलाय! नागपूर अ‍ॅडाप्टेशनमधले वयाचे टप्पे कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांवरून ठरलेले. तेव्हा मूल कितव्या वर्षी एकटं दुकानात जायचं आणि आज धंतोलीतलं, इतवारीतलं, कामठीतलं कितव्या वर्षी जातं? घरोघरी जाऊन विचारायला नको का? धावत जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन पुस्तकांची नावं दिली, एथिक्स कमिटीची परवानगी कशी काढतात ते सांगितलं, आणि म्हणाल्या, “आधी त्या लॉगबुकवर मागच्या आठवड्याच्या सह्या घे.”