नटाला न्याय

एखादे गाजलेले संगीत नाटक चित्रपटाच्या पडद्यावर आले, की रसिकांत वाद सुरू होतो. मूळ प्रयोगाच्या आठवणी जपणाऱ्यांना नवे काहीच रुचत नाही. तरुणांनी तो प्रयोग पाहिलेलाच नसतो. अशा वेळी पडद्यावरील नटाचे मोल कसे ठरवावे?

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. दोन घराण्यांच्या गायकांमधील स्पर्धेची ही कथा. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते आणि खाँसाहेबांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे करीत. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. त्यात खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर. त्यांच्यासाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे.

रंगमंचावर वसंतराव स्वतः गात. संवाद बोलणारा आणि तान घेणारा गळा एकच होता; गायकीची जरब हीच भूमिकेची जरब होई. माझ्या पिढीतील अनेकांनी ते खाँसाहेब ध्वनिमुद्रणांतूनच अनुभवले. तरीही तो आवाज कानांत असा ठसला आहे, की त्या भूमिकेत दुसऱ्या कुणाला पाहताना मन आधीच नकार देते.

परंतु चित्रपटातील नटाचे काम वेगळे असते. आवाज आधीच मुद्रित झालेला असतो. नटाने त्याला देह द्यायचा असतो. त्यासाठी नुसते ओठ जुळणे पुरेसे नाही. तान लांबत जाईल तसा छातीतला श्वास सरत गेलेला दिसावा, गळ्याच्या शिरा ताणल्या जाव्यात, समेवर येताना डोळ्यांत समाधान उमटावे. शिवाय कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ येतो. नाट्यगृहातील शेवटच्या रांगेसाठी केलेला हावभाव तेथे भडक ठरतो.

या दृष्टीने पाहता पिळगांवकरांचे काम मला सर्वत्र सारखे वाटत नाही. उर्दू वळणाचे संवाद ते घोळवून म्हणतात. काही ठिकाणी त्या नजाकतीकडेच लक्ष जाते आणि व्यक्ती मागे पडते. मात्र प्रतिस्पर्धी पंडित भानुशंकरांच्या सुरांपुढे खाँसाहेबांच्या मनात चाललेली घालमेल त्यांचे डोळे अचूक सांगतात. मनातून दाद निघते आणि त्याच क्षणी मत्सरही जागा होतो. खाँसाहेब स्वतः थोर गायक आहेत, म्हणूनच दुसऱ्याचे थोरपण त्यांना नेमके कळते, आणि म्हणूनच ते अधिक सलते. हे दाखवताना उसन्या गळ्याचा आधार मिळत नाही. तेथे नट एकटाच असतो, आणि तेथे या नटाने आपली भूमिका कमावली आहे, असे मला वाटते.

त्यामुळे वसंतरावांच्या थोरवीला उणेपणा येत नाही. दुसऱ्या घराण्याचे गाणे मोकळ्या मनाने ऐकता न आल्यामुळे एका कलावंताची काय दशा होते, हेच तर ही कथा सांगते. आपल्या आठवणींचेही एक घराणे असते. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु नव्या नटाकडे पाहताना त्याच्यावर कोणते काम सोपवले होते, हे आधी ध्यानात घ्यावे आणि मगच ते त्याने कितपत पार पाडले, याचा निवाडा करावा.