दुसरें घर

शनिवार उजाडला, कीं आमच्या शहाडवरून मुरबाडकडे मोटारींची रांग लागते. कोणी माळशेज घाट पाहावयास जातो, कोणी आपल्या नव्या बंगल्याचें कुलूप काढावयास. गेल्या वर्षीं तो मोह आम्हांसही पडला. रायत्याजवळ उल्हास नदीच्या कांठीं जमिनीचा एक सुरेख तुकडा पाहण्यांत आला. मुलांनीं तर मनांतल्या मनांत तेथें झोपाळाही टांगला!

थोरल्या बंधूंनीं प्रथम सातबारा मागविला. जमीन शेतीची निघाली. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणें शेतकरी नसलेल्यास सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून ती घेतां येत नाहीं. आणि आमच्या नांवें गुंठाभरही शेत नाहीं. मध्यस्थ हसून म्हणाला, "होईल सारें!"

मातोश्री म्हणाल्या, "परवानगी मिळेलही, पण पाण्याचें काय?" 26 जुलै 2005 चा पूर त्यांनीं पाहिला होता. 2019 च्या जुलैंत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तीही याच उल्हासच्या पुरांत.

शेवटीं वहिनींनीं विचारलें, "वर्षांतून राहणार किती दिवस?" आम्ही बोटें मोजलीं, वीस दिवसही भरेनात. त्यावर मातोश्री हळूच म्हणाल्या, "कोंकणांतल्या घरीं तर तीन वर्षांत कोणी फिरकलें नाहीं."

आम्ही सारे खालीं पाहूं लागलों. दुसरें घर आम्हांस होतेंच; तें गळत होतें.

यंदाच्या मे महिन्यांत सर्वांनीं जाऊन तेथील कौलें चाळून घेतलीं. मुलांचा झोपाळा आतां त्या घराच्या पडवींत आहे.