न विचारता उघडणारे कुलूप

थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमने २०२० साली ७८वी आवृत्ती आणली आणि मेल कुलूपबंद करणाऱ्या, त्यावर डिजिटल सही करणाऱ्या एनिग्मेल या पुरवणीची सद्दी संपली. ते मला अजून खटकते. एनिग्मेलच्या मागे जीएनयूपीजी हे वेगळे सॉफ्टवेअर काम करायचे आणि मेल उलगडणारी, सही करणारी खासगी चावी वापरायची वेळ आली की पासफ्रेज, म्हणजे चावीचा पासवर्ड, मागायचे. नव्या रचनेत या कुलूप-सहीची पद्धत, म्हणजे ओपनपीजीपी, थंडरबर्डमध्येच आली. चावीचा पासवर्ड यंत्रच तयार करू लागले आणि तो त्याच संगणकावरच्या फाइलमध्ये राहू लागला. साठवलेल्या पासवर्डांवरचा थंडरबर्डचा प्रायमरी पासवर्ड आपण होऊन लावला नाही, तर त्या फाइलला खरे संरक्षण नाही, आणि मुळात तो लावलेला नसतो. विचारण्याचा त्रास होतो म्हणून विचारणेच बंद केले, हा उपाय मला पटत नाही.

वसईतल्या गोखिवऱ्याला याच्याशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत ड्रॉइंग, कोटेशन, परचेस ऑर्डर, बिले मेलवर येतात-जातात. छोट्या कारखान्यात एकाच संगणकावर शेठ बसतात, हिशेबनीस बसतो, कधी घरचा मुलगाही बसतो. ‘आमचे बँक खाते बदलले, पैसे इकडे पाठवा’ असा बनावट मेल ही फसवणुकीची जुनी रीत आहे. त्यामुळे मजकूर लपवण्यापेक्षाही डिजिटल सहीची गरज मोठी आहे. चावी उघडी असली तर खुर्चीत बसेल तो शेठची सही करील, आणि समोरच्याला ती खरीच दिसेल.

म्हणून पासवर्ड मॅनेजर मेलला जोडावा, पण त्याने दरवेळी परवानगी मागावी, असे माझे म्हणणे आहे. हे आजही जमते. लिनक्सवर कीपासएक्ससी हा पासवर्ड मॅनेजर २०१९च्या २.५ आवृत्तीपासून सीक्रेट सर्व्हिसचे, म्हणजे इतर प्रोग्रॅमना पासवर्ड पुरवण्याचे, काम करतो. पासफ्रेज विचारणारी जीएनयूपीजीची खिडकी, पिनएन्ट्री, ती तिथून घेऊ शकते, आणि ती देण्याआधी मालकाला विचारण्याची सोयही आहे. थंडरबर्डलाही खासगी चावीसाठी बाहेरचे जीएनयूपीजी वापरायला सांगता येते.

सगळे एकाच तिजोरीत ठेवणे धोक्याचे, हा आक्षेप रास्त आहे. लास्टपास या ऑनलाइन पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्याचे डिसेंबर २०२२मध्ये जाहीर झाले. पण कीपासएक्ससीची फाइल आपल्याच संगणकावर राहते, आणि चावीची पासफ्रेज मेलच्या पासवर्डपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येते. शिवाय तुलना आदर्शाशी करून चालणार नाही. एकच पासवर्ड सगळीकडे वापरायचा आणि तो टेबलावरच्या डायरीत लिहायचा, हीच सर्रास पद्धत आहे.

तरी एक गोष्ट थंडरबर्डच्या बाजूने बोलली पाहिजे. एनिग्मेल बसवणे ज्यांना कधीच जमले नसते, त्यांना त्या बदलामुळे चार क्लिकमध्ये चावी मिळाली. कडक कुलूप कुणी लावलेच नाही, तर त्याच्या कडकपणाचा उपयोग काय? हे पटते, तरी चावी बनवतानाच प्रायमरी पासवर्ड ठरवायला लावणे अवघड नव्हते. आणि खाते बदलल्याचा मेल सहीनिशी आला, तरी पैसे सोडण्याआधी आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर फोन कराच. सही कोणत्या चावीने केली एवढेच कळते. ती चावी कुणाच्या हाती होती, हे सही सांगत नाही.